गावाचा नकाशा कोणाच्या हाती?

(नरसी नामदेव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नगररचना हा शब्द कानी पडला की पक्षाच्या सामान्य कार्यकर्त्याचे लक्ष उडते. हा विषय मुंबई-पुण्याचा, वास्तुविशारदांचा आणि जमिनीच्या दलालांचा, असा त्याचा ग्रह झालेला असतो. रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळावी म्हणून जो तहसील कचेरीच्या पायरीवर बसला, त्याला रस्ता नऊ मीटरचा असावा की बारा मीटरचा हा वाद पोट भरलेल्यांचा वाटतो. परंतु त्या तीन मीटरांत ज्याचे घर जाते तो बहुधा कार्यकर्त्याचाच माणूस असतो. घर पाडायला यंत्र येते त्या दिवशी कार्यकर्ता धावून जातो, घोषणा देतो, प्रसंगी अटकही करून घेतो. त्या घरावरून रेघ मात्र कित्येक वर्षांपूर्वी ओढली गेलेली असते, आणि ती ओढली जात असताना त्या कचेरीत त्याच्या बाजूचे कोणी नसते.

नरसी हे ग्रामपंचायतीचे गाव. येथे नगर परिषद नाही, त्यामुळे कायद्याच्या भाषेतले ‘नियोजन प्राधिकरण’ नाही. मग या गावी या विषयाची चर्चा कशासाठी? उत्तर कयाधूच्या काठीच आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेल्या या गावात आषाढीनंतरच्या कामिका एकादशीला परतवारी भरते. पंढरपूरला जाऊन आलेला वारकरी नरसीला येतो आणि मगच त्याची वारी पुरी होते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे असल्यामुळे नांदेडला येणारा शीख यात्रेकरूही इकडे वळतो. बैलगाडीच्या बेताने पडलेल्या वाटांवर एका दिवसात हजारो वाहने आणि त्यांच्या कितीतरी पट माणसे उतरतात. रस्ता रुंद करावा लागणार, वाहनतळ लागणार, भक्तनिवास लागणार, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. ते कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या संमतीने, एवढाच प्रश्न उरतो; आणि तो नगररचनेचाच प्रश्न आहे.

आपल्याकडे नगररचनेची मंडळे जन्मली ती संकटांतून. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याची कामे. शहरात हवा खेळू लागली हे खरे. पण पाडलेल्या खोल्यांतला मजूर नव्या वसाहतीत आला नाही, तो शेजारच्या आधीच भरलेल्या चाळीत शिरला. निजामाच्या राज्यात, म्हणजे तेव्हाच्या मराठवाड्याच्या राजधानीत, १९०८ साली मुसी नदीचा प्रलयंकारी पूर आला आणि १९१२ मध्ये हैदराबादचे सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड निघाले. दोन्हीकडे राजधानीची चिंता वाहिली गेली. परभणी-हिंगोलीकडच्या गावाला वळण लावण्याचा विचार ना मुंबईत झाला, ना हैदराबादेत.

येथे एका परक्या माणसाचा उल्लेख करावासा वाटतो. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विचारवंत पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. होळकरांच्या इंदूरसाठी त्याने १९१८ साली नगररचनेचा अहवाल लिहिला. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्याने एका सणाच्या मिरवणुकीची व्यवस्था आपल्या हाती घेतली आणि जाहीर केले की मिरवणूक ठरलेल्या राजरस्त्याने जाणार नाही. ज्या गल्ल्या लोकांनी सर्वांत स्वच्छ आणि नीटनेटक्या केल्या असतील त्यांतून ती जाईल. शहर झाडूनपुसून निघाले. मिरवणुकीत सफाई कामगार पांढरे कपडे घालून, फुलांच्या माळांसह मानाने चालले. हा रस्तेआखणीचाच एक प्रकार होता. मात्र त्यासाठी एक भिंतही पाडावी लागली नाही. गेडिसच्या साऱ्या सूचना मान्य करण्याजोग्या होत्या असे नाही, पण जुन्या वस्तीत पाऊल टाकण्यापूर्वी ती पायी हिंडून पाहावी, हा त्याचा आग्रह आजच्या किती आखणीकारांना ठाऊक असतो? दिंडी कोणत्या वाटेने जाते, कोठे विसावते, पाणी कोठे पिते, हे नरसीच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात ते दिसत नाही.

जुन्या गावालाही आखणी होतीच. वेस, चावडी, पाणवठा, बारा बलुतेदारांच्या आळ्या आणि गावकुसाबाहेर महारवाडा-मांगवाडा. ती आखणी कोणत्याही कागदावर नव्हती, तरीही कोणत्याही कायद्यापेक्षा ती कडक होती. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला नेल्या, असे संतपरंपरा सांगते. ज्या भिंतीच्या आत राहण्याचा अधिकार नाही तीच भिंत बांधताना मरण यावे, यापेक्षा जुन्या नगररचनेवरचे कठोर भाष्य दुसरे सापडणार नाही. म्हणून ‘पूर्वीचे गाव छान होते, नियोजनाने ते बिघडवले’ हा सूर समाजवादी कार्यकर्त्याने लावू नये. गावाला नवी आखणी हवीच आहे. ती जुनी उतरंड मोडणारी आहे की तिलाच सिमेंटमध्ये पक्की करणारी, हे पाहायचे आहे.

हे तपासायला मराठवाड्यातच एक मोठा दाखला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे भूकंपात कोसळली. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद यांखाली आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून लातूर-उस्मानाबाद भागात पुनर्वसनाचा जो कार्यक्रम झाला, त्यात ५२ गावे जुन्या जागेवरून हलवून नव्याने वसवली गेली. मराठवाड्याच्या खेड्यांची एवढ्या मोठ्या प्रमाणावर कागदावर आखणी होण्याची ही पहिलीच वेळ.

ही आखणी कशी होती? शहरातल्या वसाहतीसारखी. काटकोनात छेदणारे सरळ रुंद रस्ते, एकमेकांपासून सुटी असलेली घरे, मधोमध सार्वजनिक इमारतींसाठी राखलेल्या जागा. दाटीने वसलेले जुने गाव जेवढी जागा व्यापत होते, त्याच्या कितीतरी पट जागा नव्या गावाला लागली आणि ती आली पिकाऊ रानातून. शेत लांब गेले, शेजारही लांब गेला. सावलीची बोळ गेली; त्या बोळीत दुपारी निवडणे-पाखडणे करीत बसणाऱ्या बायांना उन्हातल्या रुंद रस्त्यावर बसायला जागा उरली नाही. रुंद रस्त्याचे कौतुक करणाऱ्या अधिकाऱ्याने एप्रिल महिन्यातली दुपार त्या रस्त्यावर काढून पाहिलेली नव्हती.

घराचे आकारमान कशावर ठरले, ही गोष्ट याहून गंभीर आहे. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट. भूकंपाने जमीनदार आणि मजूर असा भेद केला नव्हता, पुनर्वसनाने तो केला. घरात माणसे किती, हे विचारण्याऐवजी सातबाऱ्यावर जमीन किती हे विचारले गेले. आठ माणसांचे मजूर कुटुंब २५० चौरस फुटांत आणि चौघांचे बागायतदार कुटुंब ७५० चौरस फुटांत, हा हिशेब कोणत्या मानवतेत बसतो? शिवाय एका आकाराच्या घरांची एक ओळ, असा सोयीचा आराखडा जेथे झाला, तेथे लहान घरांची ओळ म्हणजे नवा गावकुसाबाहेरचा भाग झाला, कारण भूमिहीन कोण हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही. अनेक भूमिहीनांना पहिल्यांदाच पक्के, धक्का सोसणारे घर मिळाले, हेही तितक्याच स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. तो लाभ लहान नाही. पण तो देतानाही जुनी उतरंड फुटपट्टीने मोजून नव्या गावात आणली गेली.

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र वेगळा आहे. जी गावे हलवली नाहीत, तेथील जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुती घरमालकांनी स्वतः करायची, शासनाने पैसा आणि तंत्र पुरवायचे, असे ठरले. गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून नेमले गेले. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेचा या कामात मोठा वाटा होता. ज्यांनी कधी ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते त्या बाया अभियंत्याला बिलाचे आणि सिमेंटच्या पोत्यांचे हिशेब विचारू लागल्या. तेच शासन, तेच कर्ज आणि तोच भूकंप असूनही जेथे नकाशा वरून आला तेथे गाव पाहुण्यासारखे राहिले, आणि जेथे काम लोकांच्या हाती आले तेथे गावाने ते आपले मानले. हिंगोली जिल्ह्यात २०२४ साली २१ मार्चला आणि १० जुलैला भूकंपाचे धक्के बसले. हानी मोठी झाली नाही. पण किल्लारीचा धडा दूरचा मानण्याचे कारण नाही.

आता कायद्याकडे वळू. मुंबई इलाख्याचा नगररचना अधिनियम १९१५ चा, तो देशातला पहिला. त्यानंतर १९५४ चा, आणि सध्या लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. या कायद्यात ‘विकास योजना’ नावाची गोष्ट आहे. नगर परिषद योजना करण्याचा इरादा जाहीर करते, आहे त्या जमीनवापराचा नकाशा तयार होतो, मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि ३० दिवस लोकांच्या हरकती व सूचना घेतल्या जातात. नियोजन समिती त्यांची सुनावणी घेते आणि शेवटी शासन मंजुरी देते. शाळा, मैदान, मंडई, दवाखाना यांसाठी जागा राखून ठेवल्या जातात. दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे त्यानंतरच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. ही तरतूद लहान मालकाला न्याय म्हणून आहे. तिचा फायदा कोण उठवतो? जो दहा वर्षे थांबू शकतो तो. अडलेला शेतकरी आरक्षणाच्या भीतीने तिसऱ्याच वर्षी मातीमोलाने जमीन विकून मोकळा होतो, घेणारा थांबतो, आणि गरिबांच्या पोरांचे मैदान अकराव्या-बाराव्या वर्षी दुकानांच्या गाळ्यांत रूपांतरित होते. यात कोणताही कायदा मोडलेला नसतो.

हिंगोली, वसमत, कळमनुरी या नगर परिषदा आणि सेनगाव, औंढा नागनाथ या नगरपंचायती. या पाच ठिकाणी तरी कार्यकर्त्याने ते ३० दिवस ओळखले पाहिजेत. हरकतींनी काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचे उदाहरण आठवावे. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या चुका आणि झोपडपट्ट्यांकडे झालेले दुर्लक्ष ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’सारख्या लोकांच्या मोहिमांनी वस्तीवस्तीत नेऊन दाखवले, हजारो हरकती दाखल झाल्या आणि एप्रिलमध्ये शासनाला ती योजना फेरतपासणीसाठी परत घ्यावी लागली. नंतर आलेली योजना निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. पण नकाशा मागे घेता येतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

नरसीची अडचण याहून वेगळी आणि अधिक कठीण आहे, आणि आजच्या बोलण्याचा गाभा येथे आहे. ‘आराखडा’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. १९६६ च्या कायद्याखालची विकास योजना, जिला लोक विकास आराखडा म्हणतात, ती हरकतींशिवाय मंजूर होऊच शकत नाही. तीर्थक्षेत्र विकास आराखडा मात्र प्रशासकीय योजना असतो. तो जिल्ह्याच्या यंत्रणेत तयार होतो, मंत्रालयात समित्यांपुढे जातो, मोठा असला तर मुख्यमंत्र्यांच्या शिखर समितीपुढे. त्याला ३० दिवसांचे बंधन नाही. निधी मंजूर झाल्याची बातमी येते, सत्कार होतात, पेढे वाटले जातात; कोणत्या गटनंबरातून रस्ता जाणार हे मात्र मोजणीचे दगड रोवले जाताना कळते. पंढरपुरात मंदिर परिसराच्या कॉरिडॉरचा विषय २०२२ मध्ये निघाला, तेव्हा तेथील रहिवासी आणि दुकानदार रस्त्यावर आले. आपल्या घराचे काय होणार, हे आपल्याला सर्वांत शेवटी का कळावे, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न पंढरपूरपुरता नाही.

गावाच्या कडेला दुसरीच नगररचना चालू आहे, आणि तिला कोणताही आराखडा नाही. जमीन महसूल संहितेतल्या अलीकडच्या दुरुस्तीने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला अकृषिक वापराची वाट सोपी झाली आहे. हेतू चांगला आहे. गावठाणात दाटी झाली, पोरांना घर बांधायला जागा नाही. पण जेथे यात्रा भरते तेथे ही २०० मीटरची पट्टी सोन्याची होते. रस्त्यालगतचे रान प्लॉटमध्ये फुटते. प्रत्येकाचा रस्ता आपापल्या धुऱ्यापाशी संपतो, शेजारच्या प्लॉटिंगच्या रस्त्याला मिळत नाही, आणि पावसाचे पाणी कोठे जायचे हे कोणीच पाहत नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. म्हणून तुकडे त्याहून लहान ठेवण्याची युक्तीही ठिकठिकाणी चालते. वस्तुतः १९६६ च्या कायद्यातच यावर उपाय आहे. त्याला नगररचना परियोजना म्हणतात. अनेक मालकांची जमीन एकत्र करायची, रस्ते, गटारे, मैदान आधी आखायचे, मग प्रत्येकाला त्याच्या हिश्शाचा थोडा लहान पण रस्त्याला लागलेला प्लॉट परत द्यायचा, आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठीही जागा काढायची. त्यात कोणाचे रान पुरते जात नाही आणि वाढलेल्या किमतीचा काही भाग समाजाकडे येतो. समाजवाद्यांनी ज्या गोष्टीसाठी आंदोलन करावे ती शतकभर कायद्याच्या पुस्तकात पडून आहे!

राहता राहिले गायरान. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५३ पासून मराठवाड्यात भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, पुढे १९६४ मध्ये देशव्यापी सत्याग्रह झाला. त्या लढ्यांच्या वारसांपैकी कितीतरी कुटुंबे आजही गायरानावर राहतात आणि कसतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरोघर मिळकत पत्रिका देण्याचे काम चालले आहे. काम चांगले आहे. परंतु ती मोजणी गावठाणाची आहे. गावठाणाबाहेरच्या गायरानावरची झोपडी तिच्यात येत नाही. म्हणजे गावाचा पहिला अचूक नकाशा तयार होतो आणि त्यावर पुन्हा एकदा कुसाबाहेरचा माणूस नाही. उद्या वाहनतळासाठी ‘मोकळी सरकारी जमीन’ शोधली जाईल तेव्हा ती याच नकाशावर शोधली जाईल.

औंढा नागनाथाची आख्यायिका नरसीच्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. नामदेवांना देवळासमोरून उठवून मागे पाठवले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. तीर्थक्षेत्राच्या विकासात आज उलटे घडते. माणसाने उठायचे, देवळाचा दर्शनी भाग मोकळा करायचा आणि कोठे जायचे हे स्वतः पाहायचे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने यावर थोडे औषध दिले आहे. संपादन होण्यापूर्वी किमान तीन वर्षे त्या जागेवर ज्याची उपजीविका होती, तो मालक नसला तरी बाधित कुटुंबात मोडतो. देवळाच्या वाटेवर हार-बुक्का विकणारी बाई आणि भाड्याच्या गाळ्यातला शिंपी यांनाही हे लागू होते. मात्र शासन थेट वाटाघाटीने जमीन विकत घेऊ लागले की बोलणी सातबारावाल्याशीच होतात आणि ही बाई कोणाच्याच यादीत येत नाही. तिची नोंद आधी करून ठेवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. तीन वर्षांचा पुरावा मोजणीच्या दिवशी गोळा करता येत नाही.

म्हणून परतवारीच्या आधी, गर्दी नसताना, दोघा-तिघांनी वही घेऊन गाव पायी हिंडावे. घरे, दुकाने, भाडेकरू, पाणवठे, दिंड्यांच्या विसाव्याच्या जागा आणि गायरानावरच्या वस्त्या हाताने काढलेल्या नकाशावर मांडाव्यात. ग्रामपंचायतीकडे गावठाणाचा मोजणी नकाशा आणि तीर्थक्षेत्र आराखड्याची प्रत मागावी. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे कलम ४ तर अशी माहिती न मागताच प्रसिद्ध करायला सांगते. आणि आराखड्याचा नकाशा मराठीत, गटनंबरांसह, पंचायतीच्या भिंतीवर लावून तीस दिवस हरकती घ्याव्यात, असा ठराव ग्रामसभेपुढे आणावा. तशी सक्ती कायद्यात नाही, पण ठराव करायला मनाईही नाही. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार पुरतात. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते; गावाचे बहुतेक महत्त्वाचे ठराव अशाच सभांत दहा-पंधरा जणांच्या सह्यांनी होतात. पुढच्या ग्रामसभेला पहिल्याच दिवशी शंभर माणसे आणायची आहेत, आणि त्यांत गायरानावरची किती असतील हे आजच मोजून ठेवायचे आहे.